ही खोड नव्हे

इ. स. १७५३ मधील गोष्ट. लंडन शहरात सॅम्युएल रिचर्डसन या प्रसिद्ध कादंबरीकाराच्या घरी विल्यम होगार्थ नावाचे नामांकित चित्रकार भेटीस गेले होते. दोघांचे संभाषण चालू असता होगार्थ यांचे लक्ष खिडकीपाशी उभ्या असलेल्या एका धिप्पाड माणसाकडे गेले. तो माणूस सारखी मान हलवीत होता आणि त्याचे सारे अंग विचित्र रीतीने झुलत होते. हा कोणी वेडसर मनुष्य असावा व नातलगांनी त्याला रिचर्डसन यांच्या आश्रयास ठेविले असावे, असे होगार्थ यांनी मनाशी ठरवून टाकले. इतक्यात तो माणूस तरातरा पुढे आला आणि चाललेल्या विषयावर बोलू लागला. त्याच्या बोलण्यात एवढी विद्वत्ता, एवढा आवेश आणि शब्दांवर एवढे प्रभुत्व होते, की होगार्थ थक्क होऊन पाहतच राहिले. या वेड्याच्या अंगात कोणी दैवी शक्ती तर संचारली नाही ना, असेही त्यांना क्षणभर वाटून गेले!

तो माणूस म्हणजे सॅम्युएल जॉन्सन. पुढे दोनच वर्षांनी, १७५५ साली, त्यांचा इंग्रजी भाषेचा सुप्रसिद्ध शब्दकोश प्रकाशित झाला. केवळ सहा मदतनिसांच्या साहाय्याने त्यांनी सुमारे बेचाळीस हजार शब्दांचे अर्थ लिहिले आणि ते अर्थ पटविण्यासाठी ग्रंथाग्रंथांतून लक्षावधी वचने निवडून काढली. मराठी वाचकांना मोल्सवर्थ यांचा १८३१ सालचा कोश ठाऊक असतो. त्याच्या पाऊणशे वर्षे आधीची ही कामगिरी. अशा पुरुषाला एका चाणाक्ष चित्रकाराने वेडा समजावे, हे कसे घडले?

जॉन्सन यांचा जन्म १८ सप्टेंबर १७०९ रोजी इंग्लंडमधील लिचफील्ड या गावी झाला. वडील पुस्तकविक्रेते होते. घरी पुस्तके विपुल, पैसा मात्र बेताचा. तान्हेपणीच त्यांना गंडमाळेचा विकार जडला. त्याचे व्रण चेहऱ्यावर कायमचे राहिले व एका डोळ्याची दृष्टी मंदावली. ऑक्सफर्ड येथील शिक्षण द्रव्याभावी वर्षभरातच सोडावे लागले. मग त्यांनी शिक्षकाची नोकरी शोधण्यास आरंभ केला. १७३५ साली एका शाळेत जागा रिकामी होती. परंतु तेथील लोकांनी त्यांना घेतले नाही. त्यांच्या तापट स्वभावाची तक्रार होतीच. तिच्या जोडीला दुसरे कारण असे दिले गेले, की हा मनुष्य तोंड वेडेवाकडे करतो, आणि ते पाहून मुलांवर वाईट परिणाम होईल. त्या पत्रातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. तोंड वेडेवाकडे होणे हे त्याच्या हातचे नाही, असे पत्र लिहिणाराने स्वतःच त्यात मान्य केले होते. ते मान्य करूनही जागा नाकारली गेली!

जॉन्सन यांनी मग लिचफील्डजवळ स्वतःचीच शाळा काढली. विद्यार्थी मोजके तीन-चारच आले. त्यांत डेव्हिड गॅरिक हा पुढे इंग्लंडचा थोर नट म्हणून गाजलेला मुलगा होता. ही मुले गुरुजींच्या खोलीच्या दाराशी कान लावीत, किल्लीच्या भोकातून आत डोकावत आणि गुरुजींच्या हालचालींची आपसांत नक्कल करीत. गॅरिक तर मोठेपणीही मित्रमंडळीत ही नक्कल करून हशा पिकवीत असे. शाळा लवकरच बंद पडली. १७३७ साली गुरू आणि शिष्य दोघेही नशीब काढण्यासाठी बरोबरच लंडनला गेले. नक्कल करणारा शिष्य पुढे जन्मभर त्यांचा स्नेही राहिला, ही गोष्टही येथे नमूद केली पाहिजे.

त्यांच्या त्या हालचाली होत्या तरी कशा? जेम्स बॉस्वेल यांनी जॉन्सन यांचे मोठे चरित्र लिहिले आहे. ते १७९१ साली प्रसिद्ध झाले. त्यांत आणि इतरांच्या आठवणींत या हालचालींचे बारकाईने वर्णन आढळते. खुर्चीवर बसले असता जॉन्सन मान एका खांद्याकडे झुकवून ती थरथर हलवीत, सारे अंग मागेपुढे झुलवीत आणि तळहाताने डावा गुडघा घाशीत. मधूनच रवंथ केल्यासारखे तोंड हलवीत, मधूनच अर्धवट शीळ घालीत, कधी कोंबडीसारखा आवाज काढीत. आणि एखादे लांबलचक वाक्य संपले, की देवमाशाप्रमाणे जोराने श्वास सोडीत. रस्त्याने जाताना कडेच्या प्रत्येक खांबाला हात लावीत, आणि एखादा खांब चुकला तर परत मागे येऊन त्याला स्पर्श करून मगच पुढे जात. दारातून आत जाण्याचाही त्यांचा एक नेम होता. अमुक पावले पडली पाहिजेत, अमुक पाय आधी पडला पाहिजे. मोजणी चुकली की मागे फिरून पुन्हा आरंभ!

लोकांनी आपापल्या परीने याची कारणे शोधली. कवी अलेक्झांडर पोप यांनी एका चिठ्ठीत, या गृहस्थाला आचके येण्याची व्यथा आहे, असे कळवळून लिहिले. बॉस्वेल यांना तो 'सेंट व्हायटसचे नृत्य' या नावाने तेव्हा ओळखला जाणारा रोग वाटला. उलट, जॉन्सन यांचे मित्र व चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्स यांचे मत असे, की हा रोग नव्हेच. मनात विचार चालू असता हातवारे करण्याची ही सवय आहे. त्यांचा पुरावाही बिनतोड वाटण्यासारखा होता. स्वस्थ बसा असे सांगितले, म्हणजे जॉन्सन इतरांप्रमाणेच अगदी निश्चल बसू शकत! ज्याला मनात आणले असता थांबता येते, त्याचे ते वागणे आजार कसे म्हणावे? रेनॉल्ड्स यांच्यासारख्या शहाण्या माणसाला पडलेले हे कोडे आजही अनेक घरांत आणि अनेक वर्गांत पडते. त्याचे उत्तर पुढे येईल.

एकदा एका लहान मुलीने मात्र मोठी माणसे जे विचारण्यास कचरत, तेच सरळ विचारले. तुम्ही असे विचित्र हावभाव का करता, असा तिचा प्रश्न होता. जॉन्सन रागावले नाहीत. ही वाईट सवय आहे, असे त्यांनी सांगितले आणि अशा सवयींपासून सावध राहण्याचा उपदेश मुलीला केला. हजारो शब्दांचे अर्थ निश्चित करणाऱ्या या कोशकाराजवळ स्वतःच्या व्यथेला देण्यासाठी शब्द नव्हता. तो त्या काळी कोणाजवळच नव्हता.

जॉन्सन १७८४ साली वारले. त्यानंतर चाळीस वर्षांनी, १८२५ मध्ये, फ्रान्समधील इटार या वैद्यांनी एका सरदार घराण्यातील स्त्रीची हकीकत लिहून ठेविली. वयाच्या सातव्या वर्षापासून तिच्या हातांना, मानेला व चेहऱ्याला झटके येत. पुढे ती एकाएकी ओरडू लागली, आणि अत्यंत सुसंस्कृत असूनही तिच्या तोंडून नकळत अनुचित शब्द बाहेर पडत. लोकांत जाणे अशक्य झाल्यामुळे तिने उभे आयुष्य जवळजवळ एकांतात काढले. अशा आणखी काही रोग्यांची माहिती एकत्र करून तिचा अर्थ लावण्याचे काम पॅरिस येथील साल्पेत्रिएर रुग्णालयात झाले. या ठिकाणी एके काळी बंदुकीची दारू बनत असे. पुढे तेथे मोठे रुग्णालय झाले व शार्को नावाच्या थोर वैद्यांमुळे ते मज्जासंस्थेच्या अभ्यासाचे माहेरघर बनले. शार्को यांच्या जॉर्ज जिल द ला तुरेत या तरुण शिष्याने १८८५ साली नऊ रोग्यांवर आधारलेला निबंध प्रसिद्ध केला. गुरूंनी या विकाराला शिष्याचेच नाव दिले. त्यालाच आज टुरेट सिंड्रोम असे म्हणतात. जॉन्सन यांना हाच विकार असावा, असे मत १९७९ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडले गेले व ते पुष्कळ तज्ज्ञांना मान्य झाले. दोनशे वर्षांपूर्वीच्या रोग्याला तपासता येत नाही, हे खरे. तथापि बॉस्वेल यांनी केलेली वर्णने एवढी तपशीलवार आहेत, की संशयाला फारशी जागा उरत नाही.

या विकारातील हालचालींना 'टिक' म्हणतात. काही टिक शरीराच्या असतात: डोळे मिचकावणे, नाक मुरडणे, खांदे उडविणे, मानेला हिसका देणे. काही आवाजाच्या असतात: घसा खाकरणे, सूंसूं करणे, चीत्कार काढणे, ऐकलेला शब्द पुन्हा उच्चारणे. शरीराच्या एकाहून अधिक आणि आवाजाची निदान एक टिक असेल, त्यांना वर्षाहून अधिक काळ लोटला असेल व आरंभ अठरा वर्षांच्या आत झाला असेल, तर तज्ज्ञ या विकाराचे निदान करतात. हजार शाळकरी मुलांमागे तीन ते आठ मुलांना तो असतो, असे समजले जाते. म्हणजे मोठ्या शाळेत असे एखादे मूल असणे मुळीच नवलाचे नाही. मुलींपेक्षा मुलांत हे प्रमाण तीन-चार पट अधिक आहे. आरंभ बहुधा पाच ते सात वर्षांच्या सुमारास होतो, दहा ते बारा या वयात विकाराचा जोर सर्वांत जास्त असतो आणि वय वाढेल तसा पुष्कळांच्या बाबतीत तो ओसरत जातो. हा संसर्गाने होत नाही. त्याने बुद्धी मंद होत नाही. आणि घाणेरडे शब्द तोंडातून बाहेर पडणे हेच त्याचे मुख्य लक्षण होय, ही समजूतही चुकीची आहे. दहांतील एखाद-दुसऱ्यालाच तो त्रास होतो.

आता रेनॉल्ड्स यांच्या कोड्याकडे वळू. टिक थांबविता येते, मग ती खोड का नव्हे? पेन्सिल चघळणे, पाय हलवीत बसणे, हे चाळे आपणही करतो. परंतु चाळा सोडून दिला तर काही बिघडत नाही. टिक येण्यापूर्वी त्या अवयवात एक प्रकारची अस्वस्थता दाटून येते. शिंक येण्यापूर्वी नाकात होते, तशीच काहीशी. ती हालचाल केल्यावाचून ही अस्वस्थता शमत नाही.

तुम्ही एक प्रयोग करून पाहा. समोर घड्याळ ठेवा आणि पापणी न लवविता जितका वेळ बसता येईल, तितका वेळ बसा. प्रथम काही वाटणार नाही. थोड्याच वेळात डोळे चुरचुरू लागतील, आणि मग पापणी मिटण्याखेरीज दुसरा विचारच मनात येणार नाही. आता हाच प्रयोग सतराचा पाढा म्हणत करा. पाढा कोठे तरी अडखळेल, नाही तर पापणी तरी लवेल. पापणी थोडा वेळ रोखता आली, म्हणून पापणी लवणे ही आपली खोड आहे, असे कोणी म्हणेल काय? टुरेटचा विकार असलेले मूल वर्गात स्वस्थ बसलेले दिसते, तेव्हा पुष्कळदा ते असाच प्रयोग करीत असते. मिनिटभर नव्हे, तासन् तास. त्याच वेळी त्याने फळ्यावरचे गणितही सोडवावे, अशी आपली अपेक्षा असते. घरी पोहोचताच मात्र दिवसभर दाबून धरलेल्या टिका एकदम उसळून येतात. शिक्षक म्हणतात, शाळेत तर हा नीट वागतो. आणि घरची माणसे म्हणतात, मग हे घरीच मुद्दाम करतो! जॉन्सन यांच्या निश्चल बसण्यातही हेच रहस्य असले पाहिजे.

त्यातून टिका सदासर्वकाळ सारख्या नसतात. काही आठवडे जोर, काही आठवडे उतार. आज डोळे मिचकावणे थांबले, तर उद्या खांदा उडू लागतो. थकवा, भीती, परीक्षेची चिंता, एवढेच काय, सणाचा आनंददेखील त्यांना जोर आणतो. "थांब, थांब" असे बजावल्याने तर त्या हटकून वाढतात. उलट, मूल तबला वाजविण्यात, चित्र काढण्यात किंवा खेळात रंगून गेले, म्हणजे त्या पुष्कळदा विरून जातात.

याचे मूळ मेंदूत आहे. कोणती हालचाल घडू द्यावयाची आणि कोणती रोखावयाची, हे ठरविण्यात मेंदूच्या खोल भागातील काही पेशीसमूहांचा मोठा वाटा असतो. तेथून मेंदूच्या पृष्ठभागाकडे आणि परत असे संदेशांचे दळणवळण अखंड चालू असते. डोपामाइन हे रासायनिक द्रव्य या संदेशांच्या कामी येते. टुरेटच्या विकारात या रोखून धरणाऱ्या व्यवस्थेत उणेपणा राहतो, आणि नको असलेली हालचाल निसटून बाहेर पडते, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. घराण्यात हा विकार उतरतो, हे तर तुरेत यांच्याही ध्यानात आले होते.

हा विकार सहसा एकटा येत नाही. बहुतेकांच्या वाट्याला आणखी एखादी व्यथा येते, आणि पुष्कळदा टिकांपेक्षा तिचाच जाच अधिक होतो. निम्म्याहून अधिक मुलांचे लक्ष एका ठिकाणी ठरत नाही, हातपाय सतत चुळबुळत असतात. या अवस्थेला एडीएचडी म्हणतात. कित्येकांना मंत्रचळ असतो. मंत्रचळ, म्हणजेच ओसीडी, हा शब्द आपण थट्टेने वापरतो. पण ज्याला तो जडतो, त्याची स्थिती थट्टेची नसते. अमुक वस्तूला हात लावलाच पाहिजे, अक्षर मनासारखे वळेपर्यंत तोच शब्द खोडून पुन्हा लिहिला पाहिजे, नाहीतर काही तरी अनिष्ट होईल, असे मन सारखे घोकत राहते. प्रश्नपत्रिकेची उत्तरे येत असूनही अशा मुलाचा पेपर अर्धाच राहतो. खांबांना स्पर्श करणारे, उंबरठ्यापाशी पावले मोजणारे जॉन्सन येथे सहज आठवतात. त्यांना खिन्नतेचे दीर्घ झटकेही येत. याखेरीज काही मुलांना भीती व चिंता ग्रासते, काहींना वाचन-लेखन जड जाते. एकाच मुलात हे सगळे असते असे मात्र नाही.

या मुलांना पूर्वी कोणी काय काय दोष दिला, हे पाहिले म्हणजे मन विषण्ण होते. विसाव्या शतकात कित्येक वर्षे हा मनाचा विकार मानला जाई, आणि आईबापांच्या वागण्यातील उणिवांवर त्याचे खापर फोडले जाई. १९६० नंतरच्या काही वर्षांत हॅलोपेरिडॉल या औषधाने टिका कमी होतात असे आढळले, तेव्हा ही समजूत हळूहळू ढासळली. आपल्याकडेही कोठे कोठे दृष्ट काढली जाते, गंडादोरा बांधला जातो. सुशिक्षित घरांत डोळे मिचकावणारे मूल प्रथम डोळ्यांच्या आणि सूंसूं करणारे मूल नाकघशाच्या डॉक्टरांकडे नेले जाते. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. मात्र मेंदूरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांना दाखविल्यास मुलाची वणवण वाचते.

विकार समूळ नाहीसा करणारे औषध अद्याप नाही. सौम्य टिकांना तर औषधाची गरजच पडत नाही. ज्यांना त्रास अधिक असतो, त्यांच्यासाठी औषधे आहेत, आणि एक वर्तनोपचारही आहे. त्यात मूल प्रथम ती आधीची अस्वस्थता ओळखावयास शिकते. मग ती दाटून आली, की टिकेच्या आड येईल अशी दुसरी साधी क्रिया करते. मानेला हिसका येणार असे वाटले, की हनुवटी किंचित खाली घेऊन मान स्थिर धरावयाची. आवाज निघणार असे वाटले, की नाकाने संथ श्वास घ्यावयाचा. अमेरिकेत नऊ ते सतरा वर्षांच्या १२६ मुलांवर केलेला याचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. हा उपचार मिळालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांत स्पष्ट सुधारणा दिसली. ज्यांना नुसता धीर व माहिती दिली गेली, त्यांत ती पाचांपैकी एकातही दिसली नाही.

पण औषध डॉक्टरांच्या हाती असले, तरी दिवसाचे पाच-सहा तास शाळेच्या हाती असतात. शिक्षकांनी अशा मुलास मनास येईल त्या बाकावर बसू द्यावे, टिका अनावर झाल्यास दोन मिनिटे बाहेर जाऊ द्यावे, लेखी परीक्षेस थोडा वेळ अधिक द्यावा. एवढ्याने पुष्कळ साधते. सोबत्यांकडून तर याहूनही थोडे लागते. सूंसूं ऐकू आली, तरी मान वळवून पाहावयाचे नाही, एवढेच.

हे सर्वत्र घडत नाही. ब्रॅड कोहेन या अमेरिकन गृहस्थांना लहानपणापासून हा विकार आहे. त्यांना शिक्षक व्हावयाचे होते. एकामागून एक चोवीस शाळांनी त्यांना नाकारले. पंचविसाव्या शाळेने घेतले, आणि ते उत्तम शिक्षक म्हणून गौरविले गेले. त्यांच्या आत्मकथनावरून मुंबईत 'हिचकी' हा हिंदी चित्रपट निघाला व २०१८ साली तो प्रदर्शित झाला. हिचकी म्हणजे उचकी. या चित्रपटामुळे आपल्याकडील पुष्कळ लोकांनी या विकाराचे नाव प्रथमच ऐकले.

जॉन्सन यांची शिक्षकाची जागा हुकली, आणि त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी त्यांचा कोश बाहेर पडला. डब्लिन आणि ऑक्सफर्ड येथील विद्यापीठांनी त्यांना डॉक्टर ही पदवी देऊन सन्मानिले. रेनॉल्ड्स यांनी त्यांची अनेक चित्रे काढली. त्यांपैकी १७६९ सालच्या चित्रात जॉन्सन एका बाजूने दिसतात. डोक्यावर केसांचा टोप नाही, आणि दोन्ही हात पुढे उचललेले असून बोटे विलक्षण रीतीने वाकलेली आहेत. स्वस्थ बसण्यास सांगितले असते, तर ते बसले असते. रेनॉल्ड्स यांनी ते हात होते तसेच रंगविले.